जुन्या सायकलचा मागचा ॲक्सल तुटलाय? भंगारात देण्याआधी हे वाचा

गेल्या पावसाळ्यात सोलापुरात सात रस्त्याजवळ एका खड्ड्यातून बाहेर पडताना माझ्या वडिलांच्या सायकलचं मागचं चाक अचानक एका बाजूला सरकलं आणि चिमट्याला घासून जाम झालं. मागून रिक्षा येत होती. वडील पडता पडता वाचले.

सायकल आजोबांची. 28 इंची, रॉड ब्रेकची, काळी. आजोबा याच सायकलवरून गिरणीत पहिल्या पाळीला जायचे. आता वडील रोज सकाळी तिच्यावरून भाजी आणायला जातात. एका दुकानात सांगितलं, "हिचं सामान येत नाही, भंगारात घाला." दुसऱ्या दुकानात नवा ॲक्सल घालून दिला, पण तीन आठवड्यांत चाक पुन्हा डगडगायला लागलं. हब उघडला तेव्हा कळलं की आत घातलेला ॲक्सल वेगळ्याच मापाचा होता. पान्याने जोर लावून बसवल्यामुळे कोनचे आटेच गेले होते.

म्हणजे सामान मिळत नाही हे खरं नव्हतं. माप न बघता घातलेलं सामान हीच खरी अडचण होती. तुमच्या घरातही अशी एखादी जुनी सायकल जिन्याखाली पडून असेल, तर मागचा ॲक्सल नेमका का खराब होतो, नवा कसा निवडायचा आणि तो कसा बदलायचा, हे समजून घेऊया.

ॲक्सल म्हणजे नेमकं काय?

चाकाच्या मधोमध जो नळकांड्यासारखा भाग असतो आणि ज्याच्या दोन्ही चकत्यांमध्ये तारा अडकवलेल्या असतात, तो हब. हबच्या आरपार जाणारी आटे असलेली पोलादी सळई म्हणजे ॲक्सल. सायकल चालते तेव्हा हब फिरतो, ॲक्सल फिरत नाही. त्याची दोन्ही टोकं मागच्या चिमट्याच्या खाचांमध्ये नटांनी घट्ट आवळलेली असतात.

हब आणि ॲक्सल यांच्यामध्ये असतात छर्रे. हबच्या दोन्ही टोकांना आतून वाटीसारखे कप बसवलेले असतात. ॲक्सलवर दोन्ही बाजूंनी शंकूच्या आकाराचे कोन चढवलेले असतात. कप आणि कोन यांच्या मधल्या जागेत छर्रे फिरतात. कोन जागचा हलू नये म्हणून त्याच्या बाहेरून वॉशर आणि लॉकनट असतो.

आपल्याकडच्या बहुतेक साध्या 28 इंची सायकलींच्या मागच्या हबमध्ये पाव इंची छर्रे असतात. एका बाजूला 9, म्हणजे एकूण 18. पुढच्या हबचे छर्रे यापेक्षा लहान, म्हणजे 3/16 इंची असतात आणि एका बाजूला 10 असतात. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

मागचाच ॲक्सल का तुटतो?

एक कारण वजन. सायकलस्वाराचा बहुतेक भार मागच्या चाकावर असतो. त्यात कॅरियरवर सिलिंडर, दुधाचे कॅन किंवा चादरींचा गठ्ठा आला की भार आणखी वाढतो.

दुसरं कारण रचनेतच आहे. उजव्या बाजूला चेन ओढणारं फ्रीव्हील असतं. त्याला जागा द्यायची म्हणून उजव्या बाजूचे छर्रे चिमट्यापासून बरेच आत बसतात. छर्रे आणि चिमटा यांच्यामधला ॲक्सलचा तुकडा आधाराशिवाय राहतो. प्रत्येक खड्ड्याचा दणका त्या तुकड्याला वाकवायला बघतो. म्हणूनच ॲक्सल बहुतेक वेळा उजव्या कोनाला लागूनच वाकतो किंवा तुटतो.

तिसरं कारण आपला निष्काळजीपणा. नट सैल राहिला, कोन सैल राहिला किंवा अपघातानंतर चिमट्याच्या दोन खाचा एकमेकींना समांतर राहिल्या नाहीत, तर ॲक्सलवर रोज थोडा थोडा ताण येत राहतो. पोलादात आधी बारीक चीर पडते, ती वाढत जाते आणि एक दिवस साध्या खड्ड्यात ॲक्सलचे दोन तुकडे होतात.

ॲक्सल गेलाय हे कसं ओळखायचं?

चाक हलतं म्हटलं की अनेक जण लगेच "आऊट काढून द्या" म्हणतात. पण आऊट आणि ॲक्सल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

- चाक उचलून फिरवा. रिम डावीकडे-उजवीकडे झोके घेत असेल, तर तो आऊट आहे. तारा कमी-जास्त आवळून तो निघतो.
- चाक थांबवून रिम हाताने धरा आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. 'खट खट' असं जाणवलं तर कोन सैल आहे, झिजलाय किंवा ॲक्सल तुटलाय.
- पेडलवर जोर दिला की चाक एका बाजूला सरकून चिमट्याला किंवा मडगार्डला घासत असेल, तर ॲक्सल तुटल्याची शक्यता जास्त. तुटलेले तुकडे नटांमुळे चिमट्यातच अडकून राहतात, त्यामुळे सायकल काही अंतर चालतेही. पण अशी सायकल चालवू नका, हातात धरून घरी आणा.
- चाक बाहेर काढून ॲक्सल बोटांनी फिरवा. एका जागी जड आणि दुसऱ्या जागी सैल लागत असेल किंवा फिरवताना टोक गोल गोल डोलत असेल, तर ॲक्सल वाकलाय.

शेवटची खात्री करायची तर ॲक्सल मोकळा काढून काचेवर लोळवा. काच आणि ॲक्सल यांच्यामधली फट कमी-जास्त झाली की समजा वाकलाय.

वाकलेला ॲक्सल हातोडीने सरळ करता येतो का? दिसायला होतो. पण एकदा वाकून पुन्हा सरळ केलेलं पोलाद त्याच जागी कमकुवत होतं. तुटलेल्या ॲक्सलला वेल्डिंग करणं तर त्याहून धोक्याचं. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा कडकपणा बिघडतो आणि तो जोड भर रस्त्यात सुटू शकतो. दोन्ही वेळा उपाय एकच: नवा ॲक्सल.

खरी गोम आट्यांच्या मापात

आमच्या सायकलचं जे झालं, त्याचं मूळ इथे आहे.

भारतातला सायकल उद्योग ब्रिटिश मापांवर उभा राहिला. आधी रॅले, हंबर, हर्क्युलस, बीएसए अशा सायकली इंग्लंडहून यायच्या. पुढे 1949 मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, 1951 मध्ये सोनिपतला ॲटलस आणि 1956 मध्ये लुधियानात हीरो सुरू झाली. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. कंपन्या देशी झाल्या, पण साध्या सायकलचा सांगाडा आणि आट्यांची मापं इंग्रजी वळणाचीच राहिली.

त्यामुळे अशा बहुतेक सायकलींच्या मागच्या ॲक्सलचं माप असतं 3/8 इंच जाडी आणि एका इंचात 26 आटे. दुकानात याला 'तीन सूत' म्हणतात, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिलिमीटरमध्ये ही जाडी होते साधारण 9.5. पुढचा ॲक्सल याहून बारीक, 5/16 इंचाचा असतो. आटे मात्र तितकेच, 26.

आजच्या गिअरच्या सायकलींचा मागचा ॲक्सल मात्र मेट्रिक मापाचा असतो. जाडी 10 मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर 1 मिलिमीटर. आता हिशोब बघा. इंचात 26 आटे म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर 0.977 मिलिमीटर. फरक इतका बारीक की डोळ्यांना दिसत नाही. जुना कोन नव्या ॲक्सलवर धरला तर 'जरा टाइट आहे, पण बसतोय' असं वाटतं आणि मग पान्याने जोर लावला जातो. कोन चढतो, पण त्याचे आटे आतून सोलले जातात. काही दिवसांनी कोन आपोआप सैल होतो, छर्रे वेडेवाकडे घासतात आणि शेवटी हबमधला कपही खराब होतो. कप गेला की गोष्ट ॲक्सलवर थांबत नाही, पूर्ण हब बदलायची वेळ येते. जुन्या मागच्या चाकाला बहुतेक वेळा 40 तारा असतात. हब बदलायचा म्हणजे त्या सगळ्या काढून चाक नव्याने विणायचं.

दुकानात जाताना काय न्यायचं?

जुना ॲक्सल, दोन्ही कोन, लॉकनट आणि बाहेरचे नट. सगळं सोबत न्या. ॲक्सल तुटला असेल तर दोन्ही तुकडे जपून ठेवा, कारण ते जोडून धरले की पूर्ण लांबी मोजता येते.

नवा ॲक्सल घेताना तीन गोष्टी तपासा.

1. आटे: जुना नट किंवा चांगला असलेला कोन नव्या ॲक्सलवर बोटांनी फिरवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो पान्याशिवाय गेला पाहिजे. दुसरी युक्ती म्हणजे जुना आणि नवा ॲक्सल एकमेकांना चिकटवून उजेडासमोर धरा. आटे एकमेकांत बसले पाहिजेत. इंचभर अंतरात आटे एकमेकांवर चढलेले दिसले तर माप वेगळं आहे.
2. लांबी: नवा ॲक्सल जुन्याइतकाच हवा. थोडा लांब मिळाला तर कापता येतो. पण कापण्याआधी त्यावर एक नट चढवून ठेवा. करवतीने कापून, टोक कानशीने घासून मग नट बाहेर काढा. निघताना तो कापलेले आटे साफ करून देतो.
3. सरळपणा: नवा आहे म्हणजे सरळच असेल, असं धरून चालू नका. दुकानाच्या काउंटरच्या काचेवर लोळवून बघा.

कोनला जिथे छर्रे घासतात तिथे खड्डे किंवा गोल चर दिसत असेल, तर कोनही नवे घ्या. छर्रे मात्र प्रत्येक वेळी सगळे नवेच घ्या. जुन्या आणि नव्या छर्ऱ्यांची सरमिसळ केली की थोडे मोठे असलेले छर्रेच सगळा भार उचलतात आणि लवकर फुटतात.

तयार ॲक्सल मिळालाच नाही तर? सोलापूरसारख्या यंत्रमागांच्या शहरात लेथवर काम करणारे कारागीर आहेत. नमुना दाखवून ॲक्सल बनवून घेता येतो. फक्त दोन गोष्टी स्पष्ट सांगा: आटे इंचाला 26 हवेत आणि साध्या मऊ लोखंडाचा गज नको. 'ईएन 8' सारखं मध्यम कार्बनचं पोलाद मागा. मऊ गजाचा ॲक्सल पहिल्याच मोठ्या खड्ड्यात वाकेल.

ॲक्सल बदलायचा कसा?

लागणारं सामान: नटांच्या मापाचे दोन पाने, कोनसाठी पातळ पाना, स्क्रू पाना, रॉकेल, ग्रीस, जुनं कापड आणि एक ताट. फ्रीव्हील काढायची गरज नाही.

1. आधी फोटो काढा. जुन्या सायकलच्या मागच्या नटाखाली बरंच काही दडलेलं असतं: मडगार्डची सळई, कॅरियरचा पाय, स्टँड, वॉशर. कोणतं आत आणि कोणतं बाहेर हा क्रम विसरला की नंतर चाक सरळ बसत नाही. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो घ्या.

2. चाक काढा. रॉड ब्रेकची सायकल उलटी ठेवू नका, हँडलखालच्या ब्रेकच्या सळया वाकतात. मोठ्या स्टँडवर लावा किंवा मागची बाजू दोरीने टांगा. चेन कव्हर पूर्ण बंद असेल तर त्याचा मागचा तुकडा आधी सोडवा. दोन्ही नट आळीपाळीने सैल करा, चेन फ्रीव्हीलवरून उतरवा आणि चाक खाचेतून सोडवा. मागच्या ब्रेकचा नाल रिमला अडत असेल तर त्याचा स्क्रू सैल करा.

3. डावी बाजू उघडा. लॉकनट आणि कोन दोन पान्यांनी धरून लॉकनट सोडवा, मग वॉशर आणि कोन काढा. चाक ताटावर आडवं धरा, छर्रे पडले तरी हरवणार नाहीत.

4. ॲक्सल उजवीकडून ओढा. उजवा कोन ॲक्सलवरच राहू द्या, तो फ्रीव्हीलच्या मधल्या भोकातून बाहेर येतो. तुटलेला असेल तर दोन्ही तुकडे आपापल्या बाजूने निघतील. सगळे छर्रे मोजा. 18 पेक्षा कमी निघाले तर हबमध्ये टॉर्च मारून बघा.

5. उजव्या कोनची जागा मोजा. हा टप्पा बहुतेक जण विसरतात. ॲक्सलच्या उजव्या टोकापासून लॉकनटपर्यंत किती अंतर आहे, ते पट्टीने मोजून लिहून ठेवा. नव्या ॲक्सलवर कोन आणि लॉकनट त्याच अंतरावर आवळले, तरच चेन सरळ रेषेत चालते आणि रिम चिमट्याच्या मधोमध येते.

6. साफ करून तपासा. रॉकेलने जुनं काळं ग्रीस काढा आणि कापडाने कोरडं पुसा. बॉलपेनचं टोक कपच्या आतून हळूच फिरवा. टोक कुठे अडखळलं तर तिथे खड्डा आहे. हलका चर असेल तर काही वर्षं चालून जाईल. खोल खड्डे असतील तर कप बदलावे लागतील. ते ठोकून काढायचे असतात, त्यामुळे हे काम अनुभवी मेकॅनिककडेच द्या.

7. ग्रीस आणि छर्रे भरा. फ्रीव्हीलची बाजू वर करून कपमध्ये ग्रीस भरा आणि 9 छर्रे त्यात चिकटवा. थोडी जागा उरलेली दिसेल. ती हवीच, दहावा छर्रा कोंबू नका. आता नवा ॲक्सल उजवीकडून घाला, तो आत दाबून धरत चाक उलटं करा आणि डावीकडेही 9 छर्रे बसवा.

8. कोन लावा. डावा कोन बोटांनी टेकेपर्यंत आवळा आणि किंचित, साधारण पाव फेरा, मागे घ्या. वॉशर घाला, कोन पातळ पान्याने धरून ठेवा आणि लॉकनट आवळा. लॉकनट आवळताना कोन थोडा आत ढकलला जातो, म्हणून सुरुवातीला जरासा सैल ठेवायचा.

बरोबर जमलंय का? ॲक्सल बोटांनी लोण्यासारखा फिरला पाहिजे आणि टोक धरून हलवलं तर खटखट जाणवता कामा नये. पहिल्याच प्रयत्नात जमणार नाही. तीन-चार वेळा सोडून आवळावं लागतं, त्यात आपलं काही चुकतंय असं नाही.

9. चाक बसवा. फोटो बघून सगळ्या सळया आणि वॉशर त्याच क्रमाने लावा. चेन चढवण्याआधी एक चाचणी करा. नट आवळा आणि चाकाचा व्हॉल्व्ह आडव्या रेषेत आणून हळूच सोडा. चाक स्वतःच्या वजनाने खाली येऊन दोन-चार झोके घेऊन थांबलं तर कोन मस्त बसलाय. मध्येच अडकलं तर कोन घट्ट आहे.

मग नट सैल करून चेन चढवा. चेन मधोमध बोटाने दाबली की साधारण अर्धा इंच वर-खाली झाली पाहिजे. पेडल पूर्ण फिरवून बघा, कारण जुन्या चेनव्हीलवर चेन एका जागी घट्ट होते. रिम चिमट्याच्या मधोमध ठेवून दोन्ही नट आळीपाळीने चांगले आवळा. ब्रेकचे रबर रिमवर नीट टेकतात का ते बघा.

10. पुन्हा तपासा. आधी गल्लीतच चालवा. साधारण 50 किलोमीटर झाल्यावर नट आणि कोन पुन्हा एकदा बघा. नवे भाग बसताना थोडे सैल होतात.

हे घरी करू नका

जुन्या रॅलेसारख्या सायकलच्या मागच्या हबवर 'स्टर्मी-आर्चर' लिहिलं असेल आणि त्यातून बारीक साखळी बाहेर येत असेल, तर आत तीन गिअर आहेत. त्याचा ॲक्सल पूर्ण वेगळा असतो आणि वर सांगितलेली पद्धत तिथे चालत नाही. चिमट्याची खाच तडकली असेल किंवा दोन्ही खाचा समांतर नसतील, तर आधी फ्रेमची दुरुस्ती करून घ्या. नाहीतर नवा ॲक्सलही पुन्हा तुटेल.

मग एवढी खटपट कशासाठी?

सोलापुरात 1877 मध्ये जुनी गिरणी उभी राहिली आणि पुढे हे शहर भोंग्याच्या आवाजावर उठायला लागलं. गिरण्या बंद झाल्या. यंत्रमाग राहिले आणि मागावर जाणारी सायकलही राहिली. आजही पहाटे-संध्याकाळी पाळी बदलताना रस्त्यावर या सायकली दिसतात. ज्याचं रोजचं येणं-जाणं सायकलवर आहे, त्याच्यासाठी तुटलेला ॲक्सल म्हणजे बुडालेला खाडा किंवा रिक्षाचं भाडं.

दुसरीकडे या सायकली बनवणारे कारखाने कमी होत चाललेत. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय उभं केलंय. तिथे जाऊन या सायकली बघाव्यातच. पण घरातली सायकल संग्रहालयात जाण्याइतकी जुनी झाली म्हणून ती रस्त्यावरून बाद होत नाही. तिचा जवळपास प्रत्येक भाग सुटा होतो, साफ होतो आणि बदलता येतो.

आमच्या सायकलचे कप सुदैवाने वाचले. 3/8 इंची, 26 आट्यांचा ॲक्सल, दोन कोन आणि 18 छर्रे एवढ्यावर काम भागलं. वडील पुन्हा रोज सकाळी भाजीला जातात. फक्त आता निघण्याआधी मागची रिम धरून एकदा हलवून बघतात. तुम्हीही बघत जा. या तपासणीला पाच सेकंदही लागत नाहीत.